लहान उद्योगाचा बाहेरचा कायदेशीर सल्लागार: त्याचे काम, त्याच्या मर्यादा आणि त्याच्याशी करायचा करार

भोसरी, अंबड, वाळूज किंवा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील वीस-पंचवीस माणसांच्या युनिटमध्ये जीएसटी आणि प्राप्तिकरासाठी सीए असतात, पीएफ आणि ईएसआयसीसाठी कन्सल्टंट असतात, विम्याचे काम पाहणाराही कोणीतरी असतो. वकील मात्र प्रकरण न्यायालयाच्या दारात पोहोचल्यावर शोधले जातात. तोपर्यंत ज्या कागदांवर त्या वादाचा निकाल ठरणार असतो, ते सहीशिक्क्यानिशी होऊन गेलेले असतात, आणि ज्या मुदतींत उत्तर द्यायचे असते, त्यांपैकी काही उलटूनही गेलेल्या असतात. बाहेरचा कायदेशीर सल्लागार कायमस्वरूपी नेमण्याचा खरा उपयोग सहीच्या आधीच्या आणि नोटीस आल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत असतो, आणि लहान उद्योगांचे सर्वांत मोठे कायदेशीर नुकसान नेमके याच दिवसांत होते असे माझे ठाम मत आहे.

बाहेरचा सल्लागार म्हणजे उद्योगाच्या पगारपत्रकावर नसलेले, स्वतःची स्वतंत्र वकिली करणारे वकील किंवा वकिलांची फर्म. दरमहा किंवा वर्षाला ठरलेल्या फीच्या बदल्यात ते त्या उद्योगाची ठरावीक कामे सातत्याने पाहतात. बोलीभाषेत या व्यवस्थेला रिटेनर म्हणतात. पूर्णवेळ पगारी नोकरीत असताना कोणालाही वकिली करता येत नाही, असा भारतीय वकील परिषदेचा नियम आहे. त्यामुळे मोठ्या कंपन्या कायदा विभाग ठेवतात तेव्हाही न्यायालयात उभे राहण्यासाठी त्यांना बाहेरचे वकील लागतातच. लहान उद्योगाला तर सल्ला आणि न्यायालयीन काम या दोन्हींसाठी बाहेरचे वकील हाच सोयीचा मार्ग ठरतो.

वकिलांशी बोलण्याला आणखी एक संरक्षण आहे, ज्याची कल्पना अनेकांना नसते. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ नुसार अशिलाने व्यावसायिक कामासाठी वकिलाला सांगितलेली माहिती आणि वकिलाने दिलेला सल्ला अशिलाच्या स्पष्ट संमतीशिवाय उघड करता येत नाही. बेकायदा हेतू पुढे नेण्यासाठी झालेले बोलणे मात्र या संरक्षणात येत नाही. सीए किंवा कामगार कायद्याचे कन्सल्टंट कितीही विश्वासू असले, तरी हे कलम त्यांना लागू नाही. म्हणून भागीदारांतील वाद, मालातील दोष किंवा एखाद्या कर्मचाऱ्याविरुद्धची तक्रार अशा नाजूक विषयावरचे पहिले पत्र कोणाला लिहायचे, याचा विचार करूनच ते लिहावे.

एक पर्चेस ऑर्डर जवळून पाहू

समजा, एक युनिट वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या मोठ्या कंपनीला यंत्रकाम केलेले भाग पुरवते. ईमेलवर पर्चेस ऑर्डर म्हणजे पीओ येते. पहिल्या पानावर भागाचा क्रमांक, दर, संख्या आणि डिलिव्हरीची तारीख असते, आणि मालक किंवा त्यांचा खरेदी-विक्री पाहणारा माणूस तेवढेच वाचतो. त्यापुढच्या बारीक अक्षरांतील सर्वसाधारण अटींत असे असते: पैसे माल मिळाल्याच्या नोंदीनंतर ९० दिवसांनी, दोषपूर्ण मालाची रक्कम खरेदीदार केव्हाही डेबिट नोट काढून कापून घेईल, वाद झाल्यास खरेदीदार कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक लवाद नेमतील, न्यायालयीन अधिकारक्षेत्र दुसऱ्या राज्यातील एका शहराचे, आणि पुरवठ्यामुळे खरेदीदाराला होणाऱ्या कोणत्याही नुकसानीची भरपाई पुरवठादार करेल.

या पाचही अटी पाहून घाबरून जाण्याचे कारण नाही, आणि पाचही अटींवर वाद घालण्याचेही नाही. अनुभवी सल्लागार आधी हे पाहतात, की कोणत्या अटीपासून कायदा आपोआप वाचवतो आणि कोणत्या अटीपासून फक्त वाटाघाटीच वाचवू शकतात. लहान पुरवठादाराच्या हातात मोठ्या ग्राहकाशी भांडण्याची ताकद थोडीच असते. ती योग्य जागी खर्च व्हावी, यासाठी हा विवेक लागतो.

सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ मध्ये सूक्ष्म आणि लघु पुरवठादारांच्या पैशांविषयी स्वतंत्र प्रकरण आहे. लेखी करारात मुदत ठरली असली, तरी ती माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही, आणि लेखी मुदत ठरलेली नसेल तर १५ दिवसांत पैसे देणे बंधनकारक आहे. म्हणजे पीओतील ९० दिवसांची अट छापलेली असली, तरी कायद्यापुढे ती टिकत नाही. मुदत चुकल्यास खरेदीदाराला रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज द्यावे लागते. बँक दर साडेपाच टक्के धरला, तर हे व्याज साडेसोळा टक्क्यांच्या दराने चढत जाते. मालाविषयी लेखी हरकत माल पोहोचल्यापासून १५ दिवसांत घेतली नसेल, तर माल स्वीकारला असे कायदा मानतो, आणि पैशांची मुदत माल पोहोचल्याच्या दिवसापासूनच मोजली जाते. चार महिन्यांनी अचानक आलेल्या डेबिट नोटला उत्तर देताना हा मुद्दा फार कामी येतो. पण तो कामी येण्यासाठी चलनावर माल मिळाल्याची तारीख आणि सही असायला हवी, आणि ट्रकवाल्याकडून परत आलेले ते चलन जपून ठेवलेले असायला हवे. कायद्याचा आधार किती टिकाऊ ठरेल हे पुष्कळदा अशा एका कागदावर अवलंबून असते, आणि स्टोअरमधल्या माणसाला ही सवय लावणे हेदेखील सल्लागाराच्या कामात मोडते.

अधिकारक्षेत्राच्या अटीचेही तसेच आहे. याच कायद्यानुसार पुरवठादार आपल्या राज्यातील सुविधा परिषदेकडे, म्हणजे लहान पुरवठादारांच्या थकीत पैशांचे वाद ऐकणाऱ्या सरकारी मंडळाकडे, दाद मागू शकतो, खरेदीदार भारतात कोठेही असो; करारात वेगळ्या लवादाची तरतूद असली तरी परिषदेकडे जाण्याचा हा हक्क बुडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. परिषदेच्या निर्णयाला आव्हान द्यायचे झाल्यास खरेदीदाराला रकमेच्या ७५ टक्के आधी जमा करावे लागतात. खरेदीदाराच्याच व्यवस्थापकीय संचालकांनी एकतर्फी लवाद नेमण्याची अटही आता तकलादू झाली आहे, कारण वादाच्या निकालात ज्याचा हितसंबंध आहे त्याला एकट्याला लवाद नेमता येत नाही, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये घेतली आणि २०२४ मध्ये घटनापीठाने एकतर्फी नेमणुकीच्या अटींविषयी तीच दिशा कायम ठेवली.

उरली नुकसानभरपाईची अट, आणि खरा धोका तिच्यातच आहे. पन्नास रुपयांचा एक भाग बिघडला आणि त्यामुळे ग्राहकाची असेम्ब्ली लाइन दिवसभर थांबली, तर या अटीच्या शब्दांप्रमाणे त्या संपूर्ण दिवसाचे नुकसान पुरवठादाराच्या माथी येऊ शकते. येथे कोणताही विशेष कायदा मदतीला धावत नाही. म्हणून सल्लागार सुचवतील, की बाकीच्या चार अटींवर शब्द खर्च न करता या एकाच अटीविषयी नम्रपणे लिहावे आणि भरपाईची कमाल मर्यादा त्या पीओच्या किंवा वर्षभराच्या पुरवठ्याच्या किमतीइतकी ठरवून घ्यावी. मोठ्या कंपन्यांचे खरेदी विभाग अशी एखादी विनंती ऐकतात. पाचही अटी खोडून परत पाठवलेली पीओ बहुधा दुसऱ्या पुरवठादाराकडे जाते.

वर सांगितलेले २००६ च्या कायद्याचे संरक्षण मिळण्यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म, लघु किंवा मध्यम उद्योग म्हणून सरकारकडे होणारी नोंदणी, वेळेत झालेली असावी. नोंदणी नंतर केली, तर आधीच्या पुरवठ्यासाठी तिचा लाभ मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटले होते; जानेवारी २०२५ मध्ये हा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे सोपवण्यात आला. वाद कसाही सुटो, धंदा सुरू होतानाच नोंदणी करून टाकणे आणि तिचा क्रमांक प्रत्येक बिलावर छापणे यात शहाणपण आहे. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळते, परंतु ती बँकांच्या प्राधान्य क्षेत्रातील कर्जापुरतीच. थकीत रकमेविषयीच्या या तरतुदी त्यांना मिळत नाहीत.

याला जोडूनच प्राप्तिकर कायद्यात २०२३ साली झालेली, सर्वत्र ४३बी(एच) या नावाने ओळखली जाणारी दुरुस्ती येते. सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे वरील मुदतीत दिले नाहीत, तर खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिलेल्या वर्षातच वजा करून मिळतो. त्यामुळे मार्च महिन्यात खरेदीदाराच्या लेखा विभागाला पाठवलेले, उद्यम क्रमांक आणि थकीत बिलांची यादी देणारे एक साधे पत्र पुष्कळदा कायदेशीर नोटिशीपेक्षा लवकर काम करते, आणि त्याने संबंधही बिघडत नाहीत. परिषदेकडे गेले की पुढची ऑर्डर मिळणार नाही, ही पुरवठादाराची भीती खोटी नाही. तिची दखल घेऊन पायरीपायरीने जाणारे वकीलच लहान उद्योगाला उपयोगी पडतात.

दिवस मोजणारे कायदे

नोटीस आली की ती टेबलाच्या खणात ठेवून द्यायची, पुढे काय होते ते पाहू म्हणायचे, ही सवय फार महागात पडते. ग्राहकाचा चेक न वटता परत आला, तर बँकेकडून ते कळल्यापासून ३० दिवसांत लेखी मागणी नोटीस पाठवावी लागते. नोटीस मिळाल्यावर चेक देणाऱ्याला १५ दिवसांची मुदत असते, आणि ती संपल्यापासून एक महिन्याच्या आत फौजदारी तक्रार दाखल करायची असते. तक्रारीतील उशीर पुरेसे कारण असल्यास न्यायालय माफ करू शकते, परंतु नोटिशीच्या ३० दिवसांना तशी सवलत कायद्यात नाही. ‘पुढच्या आठवड्यात देतो’ या फोनवरच्या आश्वासनांत हे ३० दिवस सहज निघून जातात. चेक अजून तीन महिन्यांच्या वैधतेत असेल, तर तो पुन्हा बँकेत भरून नवी नोटीस देता येते. तीही वेळ गेली, तर दिवाणी दावा उरतो.

दिवाणी दाव्यासाठी सर्वसाधारणपणे तीन वर्षांची मुदत असते. खरेदीदाराने ती संपण्यापूर्वी लेखी आणि सहीनिशी देणे मान्य केले, तर मुदत त्या दिवसापासून पुन्हा मोजली जाते. दरवर्षी ३१ मार्चच्या शिलकीचे पत्र सही करून घेण्याची जी पद्धत आपल्याकडे ऑडिटसाठी म्हणून पाळली जाते, तिचा हा कायदेशीर फायदा अनेकांच्या लक्षात येत नाही. तीन लाख रुपये किंवा त्यापुढील व्यापारी वाद वाणिज्य न्यायालयात जातात, आणि तातडीचा आदेश मागायचा नसेल तर दाव्यापूर्वी मध्यस्थीची पायरी अनिवार्य आहे. उलट आपल्यावरच असा दावा झाला, तर समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी कैफियत द्यावी लागते. न्यायालय ती मुदत जास्तीत जास्त १२० दिवसांपर्यंत वाढवू शकते, आणि त्यानंतर आपली बाजू लेखी मांडण्याचा हक्कच संपतो. पुण्यातील उद्योजकाने दूरच्या शहरातून आलेले समन्स हातात घेऊन ओळखीतून वकील शोधायला सुरुवात केली, की यांतील पहिला महिना शोधण्यातच जातो. कायमचे सल्लागार असतील, तर समन्सचा फोटो त्याच दिवशी त्यांच्याकडे जातो.

कर्ज थकल्यास सरफेसी कायद्याखाली, म्हणजे तारण मालमत्तेतून वसुली करण्याचा अधिकार बँकांना देणाऱ्या कायद्याखाली, बँकेची ६० दिवसांची नोटीस येते. तिला कर्जदाराने लेखी हरकत दिली, तर बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावे लागते, आणि ताबा घेण्यासारखी कारवाई झाल्यावर कर्ज वसुली न्यायाधिकरणाकडे जाण्यासाठी ४५ दिवस मिळतात. ट्रेडमार्कच्या अर्जावरील तपासणी अहवालाला ३० दिवसांत आणि कोणी विरोध नोंदवल्यास त्याला दोन महिन्यांत उत्तर द्यावे लागते. विरोधाला उत्तर गेले नाही, तर अर्ज सोडून दिला असे मानले जाते, आणि मसाल्याच्या किंवा फरसाणाच्या पाकिटावर वर्षानुवर्षे छापलेले नाव हातचे जाण्याची पाळी येते.

वर्षातून एकदा करायची तपासणी

चांगले सल्लागार कामाच्या पहिल्या महिन्यातच उद्योगाची मूळ कागदपत्रे मागून घेतात. भागीदारी फर्म निबंधकाकडे नोंदलेली आहे का, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो, कारण भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ च्या कलम ६९ नुसार नोंदणी नसलेल्या फर्मला करारातून मिळालेल्या हक्कासाठी बाहेरच्या माणसावर दावा लावता येत नाही. जागा भाड्याची असेल, तर करार लेखी आणि नोंदणीकृत आहे का, हे पाहतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ने नोंदणीची जबाबदारी जागामालकावर टाकली आहे, तरी यंत्रे ज्या शेडमध्ये बसवली तिचा करार कच्चा राहिला, तर त्रास भाडेकरूलाही होतोच. करारांवरील मुद्रांक शुल्क अपुरे असेल, तर ते आणि दंड भरल्याशिवाय तो कागद पुराव्यात वाचला जात नाही. अनेक दस्तांसाठीचे किमान शुल्क महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून शंभराऐवजी पाचशे रुपये झाले, पण जुन्या सवयीने शंभराच्या कागदाची मागणी अजूनही होते.

कामगारविषयक कागदांकडे सध्या विशेष लक्ष द्यायला हवे. २९ केंद्रीय कायद्यांच्या जागी आलेल्या चार श्रम संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत. प्रत्येक कर्मचाऱ्याला नियुक्तिपत्र, ठरावीक मुदतीवर घेतलेल्या कर्मचाऱ्यास एका वर्षानंतर प्रमाणशीर ग्रॅच्युइटी, आणि नोकरी सोडल्यावर किंवा काढल्यावर दोन कामाच्या दिवसांत वेतनाचा हिशेब, अशा तरतुदींमुळे जुने नमुने बदलावे लागतात. दहा किंवा अधिक माणसे असतील, तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी २०१३ च्या कायद्याप्रमाणे बाहेरच्या सदस्यासह अंतर्गत समिती असणे सक्तीचे आहे, आणि ती नेमली नसल्यास पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. इंटरनेटवरून उतरवलेल्या नोकरीच्या करारांत ‘सोडल्यानंतर दोन वर्षे याच धंद्यात काम करणार नाही’ असे कलम हमखास असते. करार अधिनियम, १८७२ च्या कलम २७ मुळे नोकरी सुटल्यानंतर ते आपल्याकडे लागू करता येत नाही. त्याऐवजी रेखाचित्रे, ग्राहकांची यादी आणि दर यांच्या गोपनीयतेचे कलम नीट लिहिलेले असावे.

सल्लागाराशी करार

वकिलांना जाहिरात करण्यास मनाई आहे, त्यामुळे चांगले सल्लागार ओळखीतून, औद्योगिक संघटनेतून किंवा सीएंच्या शिफारशीतूनच मिळतात. महाराष्ट्र आणि गोवा वकील परिषदेची सनद आहे ना, एवढे पाहून झाल्यावर विचारण्याचा महत्त्वाचा प्रश्न असा, की आपल्या मोठ्या ग्राहकाचे किंवा प्रतिस्पर्ध्याचे काम ते करतात का. एका पक्षाला ज्या वादात सल्ला दिला, त्याच वादात दुसऱ्या पक्षाच्या बाजूने उभे राहण्यास वकील परिषदेच्या नियमांनी मनाई आहे. पण ती अडचण मधेच उद्भवण्यापेक्षा सुरुवातीला कळलेली बरी.

नेमणुकीचे पत्र दोन पानांचे असले तरी पुरे, परंतु त्यात कामाची हद्द स्पष्ट असावी. दरमहा किती करार तपासले जातील, फोनवरचा सल्ला धरला आहे का, साध्या नोटिशीचे उत्तर फीमध्ये येते का, कागद पाठवल्यावर किती दिवसांत मत मिळेल, आणि फर्म असेल तर काम प्रत्यक्ष कोण पाहणार, हे त्यात लिहावे. न्यायालयीन प्रकरणांची फी सहसा वेगळी असते आणि प्रत्येक प्रकरणासाठी वेगळे वकालतपत्र लागते. वसूल झालेल्या रकमेच्या टक्केवारीवर फी ठरवण्यास आपल्याकडे परवानगी नाही. कोणी तसे सुचवले तर तेथेच थांबावे. वकिलांच्या सेवेवरील जीएसटी सामान्यतः रिव्हर्स चार्जखाली नोंदणीकृत उद्योगाला स्वतः भरावा लागतो, म्हणून हे पत्र सीएंनाही दाखवावे. उद्योगाच्या बाजूने एकच माणूस संपर्कासाठी नेमावा आणि आलेल्या प्रत्येक नोटिशीचे पाकीट मिळाल्याच्या तारखेसह जपून ठेवण्याचे काम त्याच्याकडे द्यावे.

प्रत्येक व्यवसायाला अशी व्यवस्था हवीच असे नाही. रोखीने विक्री करणारे दुकान, ज्याला कर्मचारी दोन आणि जागा स्वतःची, त्याला गरजेपुरता वकील पुरतो. उधारीवर माल देणारा, नोकर ठेवणारा, दुसऱ्याच्या रेखाचित्रांवर काम करणारा किंवा कर्जासाठी वैयक्तिक हमी दिलेला उद्योजक मात्र त्या गटात राहत नाही.

संबंध संपवण्याची तरतूदही पहिल्याच पत्रात असावी: किती दिवसांची सूचना, राहिलेल्या कामाचा हिशेब, आणि चालू प्रकरणांच्या पुढील तारखांची यादी. फी बाकी आहे म्हणून अशिलाची कागदपत्रे वकिलाला अडवून ठेवता येत नाहीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००० सालचा निर्णय आहे. फीसाठी त्यांना वेगळा कायदेशीर मार्ग उपलब्ध असतो. न्यायालयात चालू असलेल्या प्रकरणात नव्या वकिलांना आधीच्या वकिलांच्या संमतीने उभे राहावे लागते, आणि ती मिळत नसेल तर न्यायालयाकडे परवानगी मागता येते. म्हणून बदल करायचा झाल्यास तो पुढील तारखेच्या पुरेसा आधी करावा.